दोऱ्यापर्यंतचं पाणी

मी लघवी मोजायची बरणी बोलतेय.

मुरडलंत ना नाक? मुरडा, मुरडा. मला त्याची सवय आहे. जिच्या पोटात लोकांनी जन्मभर तेवढं एकच टाकलं, तिने रुसून कसं चालेल? पण पुढचं ऐकाल तर नाकावरचा हात आपोआप खाली येईल, एवढं सांगून ठेवते.

तर एका गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक नळवाला होता आणि त्याची एक सून होती. नळवाल्याची बायको कधीच गेली होती. मग मुलगाही गेला, ऐन उमेदीत गेला. मागे उरली ही दोघं. तिला माहेर राहिलं नव्हतं, त्याला रक्ताचं कुणी राहिलं नव्हतं. एक खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीशी खाट आणि खाटेखाली मी. झाला संसार.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात गेलं आणि एका बाजूला कान फुटला, दुसऱ्या बाजूला चोच, पोटावर रेघा उमटल्या. माझ्याच साच्यातल्या काही बहिणी स्वयंपाकघरात गेल्या दूध मोजायला. माझ्या वाट्याला मोठ्या दवाखान्याचा वॉर्ड आला. तिथे एक थोरली सिस्टर होती. आवाज असा की झोपलेला पेशंट उठून बसावा. ती मला उचलायची, डोळ्यांसमोर सरळ धरायची आणि नवशिक्या पोरींना म्हणायची, “वरून वाकून बघायचं नाही. वरून बघितलं की माप खोटं दिसतं. आणि गोळी दिली म्हणजे तुमचं काम संपलं असं समजू नका. गोळीने आत जाऊन काय दिवे लावले, ते ही बरणी सांगते.”

तेव्हापासून मी जरा ताठ उभी राहू लागले.

काय काय बघितलं मी त्या वॉर्डात! एका मास्तरणीला लघवीला जळजळ होत होती म्हणून गोळी सुरू केली. दुसऱ्या दिवशी तिने मला बघितलं आणि ‘रक्त, रक्त!’ करत अख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. थोरली सिस्टर शांतपणे म्हणाली, “बाई, रक्त नाही ते. त्या गोळीचा रंगच नारिंगी. काल मी सांगितलं तेव्हा तुम्ही शेजारणीशी भांडत होतात.” असे हसायचे दिवसही होते. पण पुष्कळदा मी दिवस दिवस कोरडी राहायची आणि खाटेभोवतीची माणसं माझ्याकडे बघून गप्प व्हायची. कोरडी बरणी काय सांगते, ते न शिकलेल्यालाही कळतं.

अशाच एका सकाळी नळवाला आला.

पाय सुजून खांबासारखे झालेले. बोट दाबलं की खड्डा पडे आणि तसाच राही. आडवं होता येईना, उशांच्या राशीला टेकून बसायचा आणि श्वासासाठी माशासारखं तोंड उघडायचा. डॉक्टरांनी समजावलं की हृदयाचा पंप थकलाय, त्यामुळे अंगात पाणी साठतंय.

नळवाला धापा टाकत म्हणाला, “म्हणजे आयुष्यभर लोकांच्या मोऱ्या उपसल्या, आणि आता माझीच तुंबली म्हणा ना!”

सगळा वॉर्ड हसला. खाटेच्या कडेला धरून उभी असलेली त्याची सून तेवढी हसली नाही.

थोरल्या सिस्टरने लघवीचं इंजेक्शन आणलं. ती ते अगदी सावकाश द्यायची. धाकट्या सिस्टरला सांगायची, “घाईने ढकललंस तर कानात घणघण सुरू होईल त्यांच्या. औषध तेच, पण हात घाईचा असला की त्याचं विष होतं.” आणि मग मी भरले. रिकामी झाले, पुन्हा भरले. जसजशी मी भरत होते तसतशी त्याच्या उशांची रास उतरत गेली. शेवटी तो एका उशीवर डोकं टेकून झोपला, तेव्हा सून त्याच्या पायाशी बसून रडली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, माझ्यात घाण नव्हती उतरत, या माणसाचा श्वास मोकळा होत होता.

तो घरी निघाला तेव्हा वॉर्डात नव्या बरण्या आल्या होत्या. थोरल्या सिस्टरने मला उकळत्या पाण्याने धुतलं आणि सुनेच्या हातात ठेवलं. “ही न्या घरी. आता नीट ऐका. लघवीची गोळी सकाळीच द्यायची. संध्याकाळी दिलीत तर दोघांच्याही झोपेचं खोबरं होईल. अंथरुणातून उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडून जरा थांबायचं, मग उभं राहायचं. या गोळीने रक्तदाब उतरतो, झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मीठ हात राखून. प्यायचं पाणी दिवसाला या बाटलीएवढंच. पोटऱ्यांत गोळे आले, छातीत धडधडलं तर तस्सं इकडे यायचं. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून द्यायची नाही. आणि दिवसातून एकदा तरी लघवी या रेघेच्या वर यायला हवी.”

सून म्हणाली, “सिस्टर, माझ्या डोक्यात आकडे राहत नाहीत.” तिने पिशवीतून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि त्या रेघेवर माझ्या पोटाला दोरा बांधला. “हे मात्र कळतं मला. दोऱ्याच्या वर म्हणजे मामंजी बरे.”

सासऱ्याला ती मामंजी म्हणायची. तो तिला सूनबाई म्हणायचा, आणि लाडात आला की पोरी.

घरी आल्यावर माझे दिवस मशीनच्या आवाजात जाऊ लागले. ती उजाडल्यापासून शिवायला बसायची. दुकानदाराचा माणूस ठरल्या वेळेला खालच्या दारात उभा राहायचा आणि तेव्हा काम तयार लागायचं. पण गोळी पोटात गेली की नळवाल्याला सारखं लागायचं. तो संकोचाने खाकरायचा. मशीन थांबायचं. ती येऊन त्याला बसवायची, थांबवायची, उभं करायची, मला त्याच्या हातात देऊन पडद्याआड तोंड फिरवून उभी राहायची. मग मला फडक्याने झाकून जिना उतरायची, कारण संडास सगळ्या इमारतीला मिळून एकच, तोही खाली मागच्या अंगणात. मला ओतायचं, धुवायचं, परत वर. मशीनला हात लावते न लावते तोच खाटेवरून पुन्हा खाकरणं.

गंमत बघा, या गल्लीतल्या निम्म्या घरांत संडास नळवाल्याने स्वतःच्या हाताने बसवले होते. आणि त्याच्याच खोलीत नव्हता! लोकांचं उरकून घरचं करू म्हणता म्हणता पाय सुजले.

जिन्यावर एक चष्मेवाली बाई बसायची, भाजी निवडत. जिभेला हाड नव्हतं तिच्या. एकदा दुपारी आम्ही खाली निघालो तर ती शेजारणीला मोठ्याने म्हणाली, “सरका गं बायांनो, सरबतवाली आली!”

बाया खिदळल्या. माझ्या कानावरची सुनेची पकड घट्ट झाली. पण वर दार उघडं होतं. आम्ही परत आलो तेव्हा नळवाला भिंतीकडे तोंड करून पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने गोळी गिळणं सोडलं.

गालात धरायचा. सून पाठमोरी झाली की काढून डबीत टाकायचा. खाटेवरच्या फळीवर त्याची एक पत्र्याची डबी होती, नळात बसवायच्या काळ्या रबरी चकत्यांची. वायसर म्हणायचा तो त्यांना. काळ्या वायसरांत पांढऱ्या गोळ्या जाऊन पडू लागल्या.

गोळी नाही म्हणून लघवी थोडी. मग माझा दोरा कसा गाठायचा? तर ऐका त्याने काय केलं. सून त्याला दिवसाचं पाणी भरून बाटली द्यायची. आधीच ते मोजकं. त्यातलं अर्धंअधिक तो माझ्यात ओतायचा. थेट दोऱ्यापर्यंत. ओतून झालं की बाटलीच्या तोंडाला लागलेला थेंब जिभेने टिपायचा.

लघवी ऊन असते आणि बाटलीतलं पाणी गार. हा फरक माझ्याइतका कुणाला कळणार? पण बरणीला तोंड असतं, वाचा नसते. मी दोऱ्यापर्यंत भरलेली दिसायची आणि सून मला खिडकीपाशी धरून म्हणायची, “बघा मामंजी, आलं की नाही वर! आणि आता दिवसातून एकदाच नेते मी.”

“गोळी अंगवळणी पडली गं. आता एकदम होते.”

“चांगलंच झालं की.”

आणि मशीन सलग चालायचं. त्या आवाजावर तो डोळे मिटून पडायचा, जसा कुणी गाणं ऐकत पडावा. ओठ मात्र सुकून साल निघालेले.

आठवड्याने फिरतीवरची सिस्टर यायची. हीच ती वॉर्डातली धाकटी, आता घरोघर जायची, काखेत वजनकाटा घेऊन. तिने नळवाल्याला काट्यावर उभं केलं, पाय दाबून बघितले आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग मला उचललं, डोळ्यांसमोर धरलं, अगदी शिकवलं होतं तसं.

“आजोबा, बरणी म्हणते सगळं झकास आहे. काटा म्हणतो अंगात पाणी साठतंय. कुणाचं खरं मानू?”

“काटा जुना झाला असेल,” तो म्हणाला.

“काट्याला नका नावं ठेवू. इतकी लघवी होऊन वजन वाढतंय म्हणजे एकच झालं असणार. तुम्ही चोरून पाणी पिताय.”

मला वाटलं, आता तरी बोलेल. तहानेने ज्याचा घसा चिकटला होता त्यालाच पाणीचोर ठरवलं होतं! नळवाल्याने माझ्याकडे बघितलं. मग मशीनकडे बघितलं. आणि मान खाली घालून म्हणाला, “हो. पितो.”

सुनेचा चेहरा उतरला. सिस्टर गेल्यावर ती हळूच म्हणाली, “मामंजी, तहान लागली तर मागायचं माझ्याकडे. चोरून कशाला?”

“नळवाला आहे ना मी. पाणी दिसलं की हात शिवशिवतात,” असं म्हणून तो हसला. ती नाही हसली.

सिस्टरने डॉक्टरांना कळवलं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. वाढवतील नाहीतर काय? माझ्या पोटाकडे बघूनच ठरलं होतं सगळं. आणि सिस्टरने बजावलं, पाणी चोरणाऱ्याचा गोळीतही भरवसा नाही, आता गोळी समोर गिळवा, जीभ उचलून बघा, पाण्याची बाटली त्यांच्या हाती देऊ नका. सुनेने बाटली मशीनच्या पायाशी नेऊन ठेवली. तेवढ्यासाठी लहान पेला काढला आणि त्यात ती मोजून मोजून द्यायची. स्वतःच्या हाताने. तिला ते जड जायचं, पण द्यायची.

त्या सकाळी वाढवलेली गोळी खरोखरच त्याच्या पोटात गेली. इतके दिवस औषधाशिवाय राहिलेलं शरीर, वर तोंडाने पाणी जवळजवळ नाही, आणि त्यावर दुप्पट गोळी. थोड्याच वेळात दुकानदाराच्या माणसाने खालून हाक मारली. सून गठ्ठा घेऊन खाली जाता जाता म्हणाली, “उठू नका हं, आलेच मी.”

ती गेली आणि त्याला लागलं. खाटेच्या कडेला बसूनच त्याने मला भरलं. यावेळी बाटलीतलं नाही, खरं. ऊन. दोऱ्याच्याही वर. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तोही माझ्याकडे बघत राहिला. मग पुटपुटला, “ती यायच्या आत मीच जाऊन ओततो. आज तरी तिला कुणी सरबतवाली म्हणायला नको.” आणि मला हातात धरून उठला. जरा थांबणं नाही, काही नाही. जन्मभर दारात हाक आली की हत्यारं घेऊन ताडकन उठणारा माणूस तो, तसाच उठला.

डोळ्यांपुढे अंधारी आली असणार. त्याने फळी धरली, फळी निसटली. तो उजव्या हातावर पडला, मी त्याच्याखाली आले आणि माझ्या चोचीपासून दोऱ्यापर्यंत तडा गेला. डबी उघडून वायसर आणि गोळ्या सगळ्या खोलीभर पसरल्या.

सून धावत वर आली. आधी तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग तिला त्या पांढऱ्या गोळ्या दिसल्या. तिने हाक मारली, तर सगळ्यांत आधी कोण आलं? तीच चष्मेवाली. पायांत चप्पल नाही, हातात चादर. “धरा गं तिकडून, बघत काय बसलात!” म्हणत तिनेच त्याला चादरीत घेऊन जिन्याने उतरवलं. माणसाचं काही सांगता येत नाही.

मला सुनेने पिशवीत घातलं, गोळ्यांसकट. वॉर्डात थोरल्या सिस्टरपुढे ते सगळं ठेवलं. सिस्टरने माझ्या तड्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. “रक्तातले क्षार उतरलेत, रक्तदाब तळाला गेलाय. आम्ही भरल्या बरणीवर विश्वास ठेवून गोळी वाढवली, बाई.”

“पण गोळी पोटात जात नव्हती, तर ही भरायची कशाने?” सुनेने विचारलं. सिस्टरला नाही, नळवाल्याला. तो सलाईन लावून पडला होता, मनगट मोडलेलं, ओठ फुटलेले.

तो म्हणाला, “तू द्यायचीस ना, त्या बाटलीतल्या पाण्याने.”

“तुमच्या वाटणीच्या?”

“हं.”

“आणि तुम्ही काय प्यायचात?”

“मला कुठे एवढी तहान लागते आता?”

“आणि मी तुम्हाला चोर समजून पेल्याने मोजून देत होते.” तिने पदर डोळ्यांना लावला.

“रडू नको गं पोरी. माझ्यामुळे तुझं मशीन थांबायचं. आवाज बंद झाला की मला वाटायचं, झालं, आपण आडवे आलो हिच्या पोटापाण्याच्या. वर ते जिन्यातलं बोलणं. माझ्या लेकाने तुला या घरात आणली ती काय यासाठी?”

“मशीन थांबलं तर मी परत सुरू करते, मामंजी,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठून सुरू करू?”

थोरली सिस्टर खिडकीकडे वळून उगाच पडदा सारखा करत राहिली.

नळवाला वाचला. मनगट मात्र नीट सांधलं नाही, पान्हा धरायचा हात तो कायमचा गेला. ते दुःख त्याने कुणाला दाखवलं नाही. पण घरी आल्यावर तो पहिल्या दिवशी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन नुसता बसला होता, ते मी बघितलंय.

त्याच्या हाताखाली शिकून मोठे झालेले दोघे नळवाले भेटायला आले. त्यांना सगळं कळलं तेव्हा एक जण भिंतीला हात लावून म्हणाला, “उस्ताद, सगळ्या गल्लीला दिलंत आणि तुम्हीच राहिलात!” आणि दुसऱ्या दिवशी ते पाइप, सिमेंट घेऊन हजर. खोलीच्या कोपऱ्यात संडासाची भिंत उभी राहू लागली. मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवलेला नळवाला खाटेवरून ओरडायचा, “उतार ठेव रे, उतार! माझं नाव घालवशील!” घरमालकीण खालून विचारायला आली, तर चष्मेवालीनेच तिला जिन्यात अडवलं आणि असं काही ऐकवलं की ती आल्या पावली परत गेली.

खाटेपासून चार पावलांवर दार झालं. भिंतीला धरायला दांडी बसवली. तो उठायचा तेव्हा आधी बसायचा, पाय खाली सोडायचा, मोठ्याने म्हणायचा, “थांबलो हं सूनबाई!” आणि मशीनवरून आवाज यायचा, “थांबा थांबा, शिलाई चाललीय माझी.” गोळी तो तिच्यासमोर गिळायचा, आ करून दाखवायचा, लहान मुलासारखा.

माप ठेवायला नवी बरणी आली. माझ्यात आता पाणी ठरत नाही. सुनेने मला मशीनशेजारी ठेवलंय, माझ्या पोटात तिची रिळं असतात. लाल दोरा तिने सोडला नाही. नळवाल्याची खाट आता रिकामी आहे. म्हातारं माणूस, थकलेलं हृदय, व्हायचं ते झालं. गेला तेव्हा एका उशीवर डोकं टेकून, शांत गेला. ती अजून कधी कधी शिवता शिवता थांबते आणि कानोसा घेते, कुणी खाकरतंय का म्हणून.

तुमच्या घरी कुणी असं खाटेवर असेल तर माझं एवढं ऐका. नुसत्या भरल्या बरणीकडे बघू नका. त्यांच्या ओठांकडे बघा. तुम्हाला त्रास नको म्हणून म्हातारी माणसं काय काय लपवतात, ते आम्हा भांड्यांना माहीत असतं आणि आम्हाला बोलता येत नाही.

पण माझी गोष्ट मी त्या रिकाम्या खाटेपाशी संपवणार नाही. संपवते ती ज्या दिवशी कोपऱ्यातलं दार पुरं झालं त्या दुपारी. सुनेने हात धुतले, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाणी बाटलीत भरलं आणि बाटली मशीनच्या पायाशी न ठेवता त्याच्या डाव्या हातात दिली. “तुमच्याकडेच ठेवा,” ती म्हणाली आणि पाठ फिरवून शिवायला बसली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मी फळीवर होते, तडकलेली, रिकामी. मग बाटली तोंडाला लावली आणि घोट घोट, डोळे मिटून प्यायला. बाहेर एक थेंब सांडला नाही.